टूल होलमध्ये नेमकं कुठे आहे?

तेलविहिरीच्या होलमध्ये टूल सोडून विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने खडकाची रोधकता (विजेला होणारा अडथळा) मोजतात; त्या मोजमापाचा आलेख म्हणजे इंडक्शन लॉग. त्याच्या हेडरवर बिटचा आकार, मडची (खणताना होलमध्ये भरलेल्या चिखलासारख्या द्रवाची) रोधकता, तळाचं तापमान अशा भरगच्च रकान्यांच्या गर्दीत एक छोटासा रकाना असतो : स्टँडऑफ, म्हणजे टूल आणि होलची भिंत यांच्यातलं अंतर. तिथे बहुतेक वेळा '१.५ इंच' असं लिहिलेलं दिसतं आणि कधीकधी तो कोराच सोडलेला असतो. मुंबई हायच्या चुनखडकातले लॉग ज्यांना वाचायचे आहेत त्यांनी या एका आकड्याकडे मडच्या रोधकतेइतकंच लक्ष द्यावं, असं माझं ठाम मत आहे. टूल होलच्या मधोमध लोंबत होतं, भिंतीला टेकलं होतं, की एक टोक मधे आणि दुसरं भिंतीवर असं तिरकं पडलं होतं, त्यावर कागदावर उमटणारी रोधकता बदलते.

कशी बदलते ते कळण्यासाठी आधी टूल काय करतं ते पाहू. ट्रान्समीटर कॉइलमधून साधारण २० किलोहर्ट्झचा प्रवाह सोडतात. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भोवतालच्या मडमध्ये आणि खडकात टूलच्या अक्षाभोवती गोल फिरणारे प्रवाह तयार होतात. बांधीव विहिरीत सिमेंटची कडी एकावर एक रचलेली असतात ना, तशी ही प्रवाहांची आडवी कडी. त्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र रिसीव्हर कॉइलमध्ये व्होल्टेज उमटवतं, आणि त्या व्होल्टेजवरून वाहकता (रोधकतेच्या उलट) काढतात. हेन्री डॉल यांनी १९४९ साली ही पद्धत मांडली ती तेलाधारित मडच्या विहिरींसाठी, कारण तिथे इलेक्ट्रोडमधून खडकात प्रवाह सोडता येत नव्हता. म्हणजे मूळ कल्पनेत होलमधलं मड विजेच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यासारखंच होतं. आपल्याकडे समुद्राचं पाणी हाताशी असतं, शेल (मातीचा थरदार खडक) फुगू नये म्हणून मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालतात, आणि मग तेच टूल आपण अत्यंत वाहक द्रवात बुडवतो.

डॉल यांचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक कड्याला एक वजन असतं, त्याला भूमितीय गुणक म्हणतात. सगळ्या कड्यांच्या वजनांची बेरीज १. वजन गुणिले त्या जागेची वाहकता, आणि या सगळ्याची बेरीज म्हणजे टूलने दाखवलेली वाहकता. वाहकता फार जास्त नसेल तोवर हे बऱ्यापैकी लागू पडतं. एक ट्रान्समीटर आणि एक रिसीव्हर एवढंच टूल घेतलं, तर त्रिज्या r च्या आतल्या सगळ्या भागाचं वजन, r लहान असताना, (r ÷ L)² एवढं येतं. L म्हणजे दोन कॉइलींमधलं अंतर.

आता आपल्याकडचे आकडे घालून पाहू. समुद्राच्या पाण्याची रोधकता २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.१९ ओहम-मीटर. होलमध्ये १०० अंश तापमान आहे असं धरलं, तर तापमानानुसार रोधकता काढणाऱ्या आर्प्सच्या सूत्राने ०.१९ × (२५ + २१.५) ÷ (१०० + २१.५) = ०.०७३ ओहम-मीटर. म्हणजे वाहकता सुमारे १३,७०० मिलिसीमेन्स प्रति मीटर. होल साडेआठ इंची, टूलचा व्यास ३.८७५ इंच, कॉइलींमधलं अंतर ४० इंच. टूलने व्यापलेली जागा वजा केली की मडचं वजन उरतं (४.२५² − १.९४²) ÷ ४०² = ०.००९. एक टक्कासुद्धा नाही. पण १३,७०० ला त्याने गुणलं की १२२ मिलिसीमेन्स होतात. आणि ज्याची रोधकता मोजायची तो ५० ओहम-मीटरचा चुनखडक देतो फक्त २०. खडकाच्या सहापट आवाज मड करतं! ढोलपथकाला खेटून उभं राहायचं आणि रस्त्यापलीकडच्या सोसायटीतल्या आरतीचे शब्द टिपायचे, असा हा प्रकार आहे. अशा वेळी तुम्ही ढोलापासून दोन हात सरकलात तरी ऐकू येणारं बदलतं.

म्हणूनच दोन कॉइलींचं नुसतं टूल कोणी वापरत नाही. जुन्या ६एफएफ४० टूलमध्ये सहा कॉइली होत्या आणि मुख्य अंतर ४० इंच. नंतरच्या अॅरे टूलमध्ये एका ट्रान्समीटरभोवती वेगवेगळ्या अंतरांवर रिसीव्हरच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीत एक मुख्य कॉइल आणि एक उलटी गुंडाळलेली बकिंग कॉइल असते. तिचं पहिलं काम ट्रान्समीटरकडून थेट येणारा संकेत मारणं. पण ती ट्रान्समीटरच्या जास्त जवळ असल्याने टूललगतच्या भागाला उणे वजनही देते. मग सॉफ्टवेअर सगळ्या जोड्यांचे संकेत अशा प्रमाणात मिसळतं, की मडचं एकूण वजन शून्याच्या आसपास यावं आणि १०, २०, ३०, ६०, ९० इंच आडव्या खोलीपर्यंत पाहणाऱ्या पाच कर्व्ह मिळाव्यात. इथे एक गोष्ट निसटते : हे शून्य म्हणजे मोठ्या धन आणि मोठ्या उणे आकड्यांची वजाबाकी आहे, आणि ती वजाबाकी टूल एका ठरावीक जागी आहे असं धरून जुळवलेली आहे. टूल सरकलं की ती विस्कटते.

वर दिलेल्या सूत्राचा उगम पाहिला तर याचं कारणही सापडतं. होलचा वाटा दोन कॉइलींच्या मधल्या लांबलचक मडमधून येत नाही. तो मुख्यतः प्रत्येक कॉइलीच्या अगदी लगतच्या मडमधून येतो. कॉइल होलच्या मधे असेल तर तिच्या चारही बाजूंना मड असतं. भिंतीला टेकली की एका बाजूला खडक लागतो आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट जाडीचं मड. लगतच्या परिसराचं चित्रच पालटतं. शिवाय L निम्मं केलं की होलचा वाटा चौपट होतो, त्यामुळे सगळ्यात आखूड जोडीवर हा फटका सर्वांत मोठा बसतो. आणि खोल कर्व्हसुद्धा त्याच आखूड जोड्यांची मदत घेऊन बनवलेल्या असल्याने चूक तिथवरही झिरपते.

दुसरं कारण जास्त मूलभूत आहे. टूल मधोमध असताना प्रवाहाचं प्रत्येक कडं एकतर संपूर्ण मडमध्ये असतं, नाहीतर संपूर्ण खडकात. कुठलंही कडं होलची भिंत ओलांडत नाही. टूल सरकलं की कडी टूलबरोबर सरकतात आणि काही कडी भिंतीला छेदतात : अर्धं कडं १३,७०० मिलिसीमेन्सच्या मडमध्ये, अर्धं २० मिलिसीमेन्सच्या खडकात. वाहकता जिथे एकदम बदलते त्या पृष्ठभागावर विद्युतभार साचतो, त्याचं स्वतःचं विद्युतक्षेत्र तयार होतं आणि प्रवाह वाट बदलतो. इथे नुसत्या वजनांची बेरीज पुरत नाही. मॅक्सवेलची समीकरणं त्रिमितीत सोडवावी लागतात. गणित शिकणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो : टूलच्या अक्षाभोवती लिहिलेलं क्षेत्र बेसेल फलनांच्या बेरीज-प्रमेयाने होलच्या अक्षाभोवती मांडायचं, मग एका समीकरणाऐवजी कोनीय घटकांची मालिका सोडवायची. मध्यावर एक घटक पुरतो. भिंतीजवळ जाल तसे जास्त घटक लागतात.

समजा, स्टँडऑफ चुकल्यामुळे मडच्या उरलेल्या वजनात फक्त ०.०००५ चा फरक पडला. १३,७०० × ०.०००५ = ७ मिलिसीमेन्स. खडकाचे २० आहेत ते २७ दिसले तर लॉग ५० ऐवजी ३७ ओहम-मीटर दाखवेल. १३ दिसले तर ७७. आर्चीच्या सूत्रात खडकाच्या पोकळ्यांमधल्या पाण्याचं प्रमाण रोधकतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणून खरं प्रमाण ३० टक्के असेल तर पहिल्या चुकीत ते ३५ टक्के येईल आणि दुसरीत २४ टक्के. एकाच थरातल्या तेलाच्या अंदाजात एवढी तफावत, आणि ती दहाहजारातल्या पाच भागांमुळे.

हाच फरक १ ओहम-मीटरच्या गोड्या मडमध्ये अर्धा मिलिसीमेन्स होतो आणि ५० चे ४९ दिसतात. खारं मड पण समोर २ ओहम-मीटरची शेल असेल, तर ५०० मध्ये ७ मिळवले काय आणि न मिळवले काय. म्हणून मी नेहमी हे एकच सूत्र वापरायला सांगतो : वाहकतेतली सापेक्ष चूक म्हणजे वजनातला फरक गुणिले खडकाच्या आणि मडच्या रोधकतेचं गुणोत्तर. हे गुणोत्तर ५० असेल तर स्टँडऑफची फार काळजी नको. आपल्या उदाहरणात ते सातशेच्या घरात आहे. तिथे खरं तर लॅटेरोलॉग (इलेक्ट्रोडमधून खडकात प्रवाह सोडणारा लॉग) चालवणंच शहाणपणाचं, कारण तो मडला समांतर नव्हे तर एकसर जोडणीसारखा पाहतो आणि खाऱ्या मडचा अडथळा त्याला कमी जाणवतो. पण प्रत्येक विहिरीत तो चालवलेला असतोच असं नाही, आणि जुन्या विहिरींत जे चालवलं गेलं त्यावरच आपल्याला काम करावं लागतं.

मुंबई हाय हे तेलक्षेत्र मुंबई शहरापासून सुमारे १६० किलोमीटरवर, ७५ मीटरच्या आसपास खोल पाण्यात. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तिथे तेल शोधलं. मुख्य साठा एल-३ नावाच्या मायोसीन चुनखडकात, मधे मधे शेलच्या पट्ट्या असलेल्या. एका प्लॅटफॉर्मवरून अनेक विहिरी वेगवेगळ्या दिशांना फाकवून खणतात, त्यामुळे सरळ उभ्या विहिरी कमीच. विहीर कलली की टूलची जागा आपण ठरवत नाही, गुरुत्वाकर्षण ठरवतं : टूल खालच्या भिंतीवर झोपतं. त्याला तिथून उचलून धरायला रबरी फिन लावतात, आणि त्या फिनची उंची म्हणजेच हेडरवरचा स्टँडऑफ.

फिन किती उंच घ्यावी? साडेआठ इंची होलमध्ये ३.८७५ इंची टूल मधोमध ठेवायचं तर दोन्ही बाजूंना २.३१ इंच जागा हवी. म्हणून २ इंची फिन लावण्याचा मोह होतो. पण मग एकूण व्यास ३.८७५ + ४ = ७.८७५ इंच. शेल थोडी फुगली, कुठे मडकेक, म्हणजे भिंतीवरचा मडचा लेप, जाड बसला किंवा ड्रिल पाइपने घासून भिंतीत खाच पाडली असेल तर टूल अडकण्याची भीती. १.५ इंची फिनने व्यास ६.८७५ होतो आणि दीड इंचाहून जास्त मोकळीक राहते. त्यामुळे साडेआठच्या होलमध्ये १.५ हा बहुतेकांचा आवडता आकडा, आणि तो योग्यच आहे. चूक होते ती पुढे : सव्वाबारा इंची होलमध्येही तीच फिन, तोच आकडा, आणि सॉफ्टवेअरमध्ये मात्र 'टूल मध्यावर' असा पर्याय निवडलेला. तिथे मध्यावर राहायला ४.१९ इंच लागतात. १.५ इंचावरचं टूल तिथे जवळजवळ भिंतीवरच असतं.

फिन लावायची जागाही तितकीच महत्त्वाची. एक कॉइलींच्या भागाच्या वर आणि एक खाली, शक्यतो सारख्याच उंचीच्या. फक्त खाली एकच लावली तर खालचं टोक दीड इंच उचललेलं आणि वरचं टोक भिंतीवर, म्हणजे टूल तिरकं. मग आखूड जोड्यांचा स्टँडऑफ वेगळा, लांब जोड्यांचा वेगळा, आणि सॉफ्टवेअर मात्र सगळ्यांना एकच आकडा लावतं. धातूची स्प्रिंग असलेला, टूल मधोमध धरणारा सेंट्रलायझर कॉइलींच्या भागावर कधीही लावू नये; कॉइलींचं आवरण फायबरग्लासचं असतं ते याचसाठी, की जवळच्या धातूत प्रवाह फिरून मोजमाप बिघडू नये. जुन्या फिन घासून झिजतात. चुनखडकात काही फेऱ्या झालेली दीड इंची फिन सव्वा इंचाची झालेली असू शकते. रिगवर उतरवण्याआधी पट्टीने मोजायला अर्धं मिनिट लागतं, ते द्यावं.

सगळ्यात मोठी ओढाताण मात्र शेजारच्या टूलमुळे होते. घनतेचं टूल त्याचा हात उघडून स्वतःला भिंतीवर दाबतं. न्यूट्रॉनलाही भिंत हवी असते, म्हणून त्याला बो-स्प्रिंग लावून एका बाजूला ढकलतात. आणि एकत्र जोडून सोडलेल्या टूलच्या याच माळेत, त्यांच्या खाली, इंडक्शनला भिंतीपासून लांब राहायचं असतं. माळ ताठ जोडली तर वरच्या टूलची जबरदस्ती खालीही पोचते. उपाय म्हणजे मधे नकल जॉइंट घालणं, जे दोन्हीकडे वाकतात आणि वरचा भाग भिंतीवर व खालचा भाग फिनवर असं राहू देतात. एक जॉइंट घातला तर फक्त कोन पडतो. माळेला बाजूला सरकून पुन्हा समांतर व्हायचं तर दोन लागतात. रनच्या आराखड्यात हे दिसलं नाही तर मी तो लॉग वाचताना पहिल्यापासून सावध राहीन.

आता ट्रायअॅक्शियल, म्हणजे तीन दिशांच्या कॉइलींचं इंडक्शन. शेलच्या पातळ पट्ट्यांमध्ये आडव्या आणि उभ्या दिशेची रोधकता वेगळी मोजायची असेल तर अक्षाला आडव्या कॉइली लागतात. या कॉइलींचे प्रवाह आडव्या कड्यांत फिरत नाहीत. ते उभ्या प्रतलात फिरतात : होलच्या एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली. टूल मध्यावर असेल तर वर जाणारा आणि खाली येणारा प्रवाह सारखाच, होलमधून निव्वळ काही वाहत नाही. आता टूल कॉइलीच्या अक्षाच्या दिशेला काटकोनात सरकवा. एका बाजूचं मड पातळ झालं, दुसऱ्या बाजूचं जाड. तोल गेला, आणि उरलेला प्रवाह मडच्या नळीतून लांबवर जाऊन खडकातून परत यायला लागतो. हा परिणाम साध्या कॉइलींवरच्या परिणामापेक्षा खूप मोठा असतो आणि खाऱ्या मडमध्ये खडकाचा संकेत पार गिळून टाकू शकतो. टूल कॉइलीच्या अक्षाच्याच दिशेने सरकलं तर मात्र सममिती टिकते आणि त्रास बराच कमी होतो. त्यामुळे दोन आडव्या कॉइलींपैकी एक बिघडलेली आणि दुसरी ठीक, असं चित्र दिसतं. ज्याला हे माहीत नाही तो या फरकाला खडकाची दिशात्मकता किंवा थरांचा उतार समजून बसतो.

यावर दोन वेगळ्या वाटा निघाल्या. एकीत टूलच्या आत वाहक मँड्रेल (दांडा) ठेवून बाहेरच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवतात आणि मँड्रेलला जोडतात, म्हणजे मडमधल्या निव्वळ प्रवाहाला टूलमधूनच परतीचा रस्ता मिळतो. दुसरीत अनेक वारंवारतांवर मोजून, होलजवळचा भाग गणिताने काढून टाकतात. दोन्हींत फिन चुकवून चालत नाही.

ड्रिलिंग करतानाच मोजणाऱ्या टूलची गोष्ट निराळी. तिथे कॉइली पोलादी कॉलरवर (ड्रिल स्ट्रिंगच्या जाड नळीवर) बसवलेल्या, वारंवारता २ मेगाहर्ट्झ आणि ४०० किलोहर्ट्झ, आणि दोन रिसीव्हरमधला फेजचा (तरंगाच्या टप्प्याचा) फरक व क्षीणन (तरंगाची घट) मोजतात. आपल्या ०.०७३ ओहम-मीटरच्या मडमध्ये २० किलोहर्ट्झचा स्किन डेप्थ (तरंग ज्या अंतरात बराचसा विझतो ते अंतर) सुमारे ९६ सेंटिमीटर असतो. २ मेगाहर्ट्झला तो १० सेंटिमीटरच्याही आत येतो. पावणेसात इंची कॉलर साडेआठच्या होलमध्ये असेल तर मधे असताना बाजूला २.२ सेंटिमीटर मड आणि खाली टेकल्यावर वरच्या बाजूला ४.४. फार नाही. तीच कॉलर सव्वाबाराच्या होलमध्ये टेकली, तर वर १४ सेंटिमीटर मड. तरंग खडकापर्यंत जाऊन परत येण्याआधीच बराचसा विझतो. ४०० किलोहर्ट्झला स्किन डेप्थ दुपटीहून जास्त, म्हणून मोठ्या होलमध्ये तिच्या कर्व्हवर जास्त भरवसा ठेवावा. फेजची कर्व्ह क्षीणनाच्या कर्व्हपेक्षा उथळ पाहते, त्यामुळे टूल सरकल्याची पहिली खूण फेजच्या आखूड कर्व्हवर दिसते.

इथे तेलाधारित मड म्हणजे सुटका, असं समजू नका. वायरलाइन (केबलवरून सोडलेल्या) इंडक्शनला ते खरंच सोयीचं; होलचा संकेतच नाही. पण २ मेगाहर्ट्झला, तेलाधारित मड आणि बाहेर १ ओहम-मीटरच्या खालची शेल असेल, तर कॉलरभोवती एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ अशी विद्युतरोधक फट राहते आणि कॉलर मध्यावरून हलली की कर्व्ह थरथरते. ट्रान्समीटर वर आणि खाली दोन्हीकडे ठेवून सरासरी काढायची जी भरपाई असते, ती रिसीव्हरमधला बिघाड आणि भिंतीचा खडबडीतपणा यांवर उत्तम काम करते. बाजूला सरकण्यावर नाही, कारण वरून पाहा की खालून, कॉलर त्याच बाजूला सरकलेली असते. शोधायची युक्ती : ड्रिलिंगच्या नोंदीत ड्रिल स्ट्रिंग फिरत होती की मोटरवर न फिरता सरकत होती ते पाहा. फिरताना टूल होलमध्ये सगळीकडे भिरभिरतं आणि मोजमाप सरासरीला येतं. सरकताना ते खालच्या भिंतीवर एकाच जागी असतं. या दोन तुकड्यांच्या सीमेवर आखूड कर्व्ह पायरी चढत किंवा उतरत असेल आणि गॅमा (खडकाच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची कर्व्ह) मात्र शांत असेल, तर खडक बदललेला नाही, टूलची जागा बदलली आहे.

गिगाहर्ट्झच्या डायइलेक्ट्रिक टूलबद्दल थोडक्यात. तिथे अँटेना पॅडवर असतात, आणि १ गिगाहर्ट्झला आपल्या खाऱ्या मडमध्ये स्किन डेप्थ सुमारे ४ मिलिमीटर. पॅड भिंतीपासून काही मिलिमीटर उचलला गेला की खडकाऐवजी मडच मोजलं जातं. हातांचा दाब आणि कॅलिपर (होलचा व्यास मोजणारं साधन) पाहूनच ती कर्व्ह वापरावी.

लॉग हातात आल्यावर तपासणी कुठून सुरू करायची? मी जाड, एकसंध शेल शोधायला सांगतो, जिथे मड आत झिरपत नाही. विहीर थरांना फार तिरकी नसेल तर तिथे १० इंचापासून ९० इंचापर्यंतच्या सगळ्या कर्व्ह एकावर एक बसल्या पाहिजेत. कॅलिपर बिटच्या आकाराएवढाच आहे आणि तरी १० इंची कर्व्ह खाली गेली, तर होलचा वाटा पुरता वजा झालेला नाही. वर गेली तर गरजेपेक्षा जास्त वजा झाला आहे. तीच कसोटी घट्ट, सच्छिद्रता नसलेल्या चुनखडकात लावली की चूक अनेकपट मोठी होऊन दिसते, कारण तिथे गुणोत्तर मोठं असतं. मात्र खूप कललेल्या विहिरीत शेलची दिशात्मकताही कर्व्ह वेगळ्या करते, विशेषतः फेज आणि क्षीणनाच्या. तिथे स्टँडऑफला दोष देण्याआधी विहिरीचा कल पाहावा. रिपीट सेक्शनही (तोच भाग दुसऱ्यांदा मोजलेला तुकडा) बोलका असतो : खोल कर्व्ह जुळतात, आखूड जुळत नाहीत, आणि दोन फेऱ्यांत टूल वेगळ्या बाजूला वळलेलं आहे, तर कारण उघड आहे. होल लांबट झालेलं असेल तर टूल त्या लांबट बाजूच्या खाचेत बसून वर येतं, आणि एकाच हाताचा कॅलिपर ते सांगेलच असं नाही.

अॅरे टूलच्या होल-दुरुस्तीला चार गोष्टी लागतात : होलचा व्यास, मडची रोधकता, खडकाची रोधकता आणि स्टँडऑफ. खडकाची रोधकता तर काढायचीच असते. उरलेल्या तिघांपैकी एक गोष्ट आखूड जोड्यांच्या संकेतांवरून सॉफ्टवेअर स्वतः शोधू शकतं. फक्त एक. कॅलिपर चांगला आणि मडची रोधकता होलमध्येच मोजलेली असेल तर स्टँडऑफ शोधू द्यावा; हाच पर्याय मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण फिनची उंची आणि खरा स्टँडऑफ यांच्यात झिज, झोळ आणि होलचा आकार येतोच. पण शोधून आलेला आकडा नजरेखालून घाला. साडेआठच्या होलमध्ये तो २.३१ इंचांहून मोठा येणं शक्यच नाही. टूल मध्यापलीकडे गेलं तर दुसऱ्या भिंतीच्या जवळ जातं. सॉफ्टवेअर ३ इंच सांगत असेल तर दोष स्टँडऑफचा नाही. मडची रोधकता चुकली आहे आणि ती चूक सोसायला स्टँडऑफ ताणला गेला आहे. अशा वेळी मडचा नमुना कुठून घेतला ते विचारा. टाकीत नुकतंच पाणी किंवा मीठ घातलं असेल तर टाकीतलं मड आणि होलमधलं मड एक नसतं. शेवटच्या सर्क्युलेशनला फ्लोलाइनवरून घेतलेला नमुना हवा, आणि मोजतानाचं तापमान त्याच्या शेजारी लिहिलेलं हवं, नाहीतर आर्प्सचं सूत्र लावायचं कशाला?

हे सगळं नंतर पुन्हा करता यायचं असेल तर प्रत्येक जोडीचे कच्चे संकेत जपलेले असले पाहिजेत. डीएलआयएस फाइलमध्ये ते असतात. लास फाइलमध्ये सहसा तयार कर्व्हच दिलेल्या असतात, आणि त्यात चुकीचा स्टँडऑफ कायमचा गोठलेला असतो. लॉग मागताना दोन्ही मागा.

जुन्या ६एफएफ४० च्या कागदी लॉगवर मात्र कच्चं काही नसतं. तिथे होलचा व्यास, मडची रोधकता आणि स्टँडऑफ घालून दुरुस्तीच्या तक्त्यावरून होलचा संकेत मिलिसीमेन्समध्ये वाचायचा आणि लॉगच्या वाहकतेतून वजा करायचा. रोधकतेतून नाही. आधी १००० भागिले रोधकता करून वाहकता काढा, वजाबाकी करा, मग परत उलटवा. हेडरवर स्टँडऑफ कोरा असेल तर एक आकडा मनाने धरू नका. अर्धा इंच आणि दीड इंच अशा दोन्ही रेषांवरून संकेत वाचा, दोन्हींनी पाण्याचं प्रमाण काढा, आणि त्या थरापुढे दोन्ही आकडे लिहा.